कुमुदमावशींची लाल रेघ

कुमुदमावशींनी स्वतःच्या नखांना कधी नेलपॉलिश लावलं नाही, पण त्यांच्या घरात ते जागोजागी होतं. कुकरच्या दांड्याचा स्क्रू, शिलाई मशीन, दाराची कडी. जिथे काही पिळून बसवलेलं असेल तिथे नटावरून निघून शेजारच्या पत्र्यावर उतरणारी एक बारीक लाल रेघ. नट फिरला की रेघ तुटते आणि चोर सापडतो. सदर बाजारातला बांगडीवाला विचारायचा, "अम्माजी, कौन सा शेड दूँ?" त्या शांतपणे म्हणायच्या, "जो नट पे जँचे, भैया."

हे खूळ रेल्वेतलं. यजमान अकाली गेल्यावर त्यांच्या जागी मावशी नोकरीला लागल्या आणि निवृत्तीपर्यंत डब्यांखालचे बोल्ट आवळत राहिल्या. तिथे रेघ पिवळी असायची. माहेर इकडे उत्तरेतच, गुरसरायला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातलं, त्यामुळे बोलणं जुन्या घरंदाज मराठीत. रागावणं मात्र हिंदीत. सिव्हिल लाइन्समध्ये आमची भिंत एक होती, म्हणून दोन्ही भाषा मला भरपूर ऐकायला मिळाल्या. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी रेघ बघ, मग तोंड उघड."

माझं तोंड तेव्हा जरा लवकरच उघडायचं. मुलीसाठी, मिनूसाठी, मी जुनी माउंटन बाइक घेतली होती. रंग उडालेला होता, म्हणून फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगाचे मीच तिला दोन हात दिले आणि स्वतःवर खूश झालो. पुढे तिचं मागचं चाक सारखं ढिलं व्हायला लागलं. मी पान्याला पाइप अडकवून नट आवळायचो, दोन दिवसांत पुन्हा तेच. एका संध्याकाळी उतारावर चाक तिरकं झालं आणि मिनू पडली. शाळेच्या सायकल संघाची निवड चार दिवसांवर आली होती. ती लंगडत दारात आली आणि मी म्हणालो, "सायकल चालवतेस की कुस्ती खेळतेस? बास झालं. निवडबिवड काही नाही."

"पापा, मैंने कुछ नहीं किया," एवढंच बोलून ती मावशींकडे गेली. आमच्या मुलीला मराठी सगळी कळते, पण भांडायला पुरत नाही.

मावशींनी आधी तिचा गुडघा धुतला, हळद लावली आणि भिंतीवरून मला हाक मारली. "श्रीकांता, पोरीला लागलं किती, ते पाहिलंस का रे?" मी पाहिलं नव्हतं. मला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चाक सरळ बसवलं, दोन्ही नट आवळले आणि प्रत्येक नटावरून आसाच्या टोकापर्यंत रेघ ओढली. "जा बेटा, चढावर जोर लावून ये." अर्ध्या तासात मिनू परतली तेव्हा टायर डाव्या बाजूला घासत होतं. मी म्हणालो, "बघा, नट फिरला." मावशी जमिनीवर बसल्या, चष्मा पुसला. रेघ सरळ होती.

"नट बिचारा जागचा हललेला नाही. त्याच्या खालचं काहीतरी दबलंय." त्यांनी चाक काढलं. आस ज्या खाचेत बसतो तिथे, वॉशरच्या खाली, हिरव्या रंगाचा जाड थर चेपून पोळीसारखा पसरला होता. नट लोखंडावर नाही, माझ्या रंगावर आवळला जात होता. रंग दबला की पकड जायची, आणि चढावर साखळीची ओढ बसली की चाक उजवीकडून पुढे सरकायचं. "रंगारी कौन है?" मावशींनी विचारलं. मिनूने माझ्याकडे बोट दाखवलं.

मावशींनी मलाच खाच खरवडायला बसवलं. लोखंड उघडं पडल्यावर त्यांनी दातेरी वॉशर घातले आणि थोडं इकडे, थोडं तिकडे करत नट आवळले, तेही पाइपशिवाय. "ताकद लावणं सोपं असतं रे. कारण शोधायला खाली वाकावं लागतं." मी मिनूची माफी मागितली. रविवारी तिची निवड झाली आणि मावशींनी घरच्या चिरोट्यांचा डबा पाठवला. डब्याच्या कडीवर रेघ होती.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच, कोणालाही त्रास न देता. मिनू दोन दिवस जेवली नाही. नेलपॉलिशची अर्धी बाटली आता तिच्याकडे असते.

परवा ती कोपर सोलवटून घरी आली. मी उठलो, चष्मा शोधला आणि सवयीने मागच्या चाकाकडे निघालो. मध्येच थांबलो. परत फिरलो, तिच्यासमोर खाली वाकलो आणि म्हणालो, "बघू, किती लागलंय?"

रेघ दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. सरळ होती.