साहेब गेल्यानंतरचा कारखाना

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला पहिली नोकरी लागली, तेव्हा ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. मुलीने असलं काही शिकणं हा आमच्या आळीत कौतुकाचा आणि थोडा चेष्टेचाही विषय होता. शेजारच्या काकू त्यांची बिघडलेली इस्त्री हक्काने माझ्या हातात देत.

कारखान्यात आम्ही अकरा जण होतो. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचो. घरोघर टीव्ही येत होते आणि वीज मनाला येईल तशी वर-खाली होत होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. ते पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. सकाळी स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच ते बोलायला सुरुवात करत. रात्री कशावर तरी खरडलेली आकृती खिशातून काढत आणि म्हणत, "कालचं बाजूला ठेवा. हे बघा." लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर काढलेली विहिरीच्या पंपाची योजना आम्ही चार दिवस राबवली होती. पाचव्या दिवशी आंबे पिकवायच्या खोलीसाठी तापमान सांगणारी घंटा आली. पंप कपाटावर गेला, घंटाही आठवड्याभरात त्याच्या शेजारी जाऊन बसली. कारखान्यात मजा मात्र फार यायची. घरी जाताना आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटायचं.

एकदा ते सुटे भाग आणायला मुंबईला गेले आणि तिथेच हृदयविकाराने गेले. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात ट्रंक कॉल आला. आमच्या फोरमननी तो घेतला आणि परत येऊन चालू असलेली सगळी यंत्रं एकेक करून बंद केली.

पंधरा-वीस दिवसांनी साहेबांच्या पत्नी आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून आम्ही त्यांना बाईच म्हणू लागलो. पहिला आठवडा त्या वही घेऊन प्रत्येकाजवळ बसल्या आणि एकच प्रश्न विचारत राहिल्या, "तुझं काम काय?" आम्हाला नीट सांगता येईना. आमचं काम रोज सकाळी ठरायचं.

मग त्यांनी कपाटावरच्या अर्धवट वस्तू खाली काढायला लावल्या. सतरा निघाल्या. स्टॅबिलायझर सोडून सगळं बंद, असं त्यांनी सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला. फोरमन तर उठताबसता म्हणत, "साहेब असते तर असं केलंन नसतं."

बाईंनी महिनाभर ऐकून घेतलं. मग एकदा डबा खाता खाता शांतपणे म्हणाल्या, "ते असते तर काय केलं असतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुपारपर्यंत विचार बदलला असता." आम्ही खाली बघून हसलो. फोरमनसुद्धा हसले, पण लगेच हात धुवायला उठून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नाटे बंदरातून एका मच्छीमार लाँचचे तांडेल आले, म्हणजे लाँचचे कप्तान. साहेबांनी त्यांच्या लाँचवर एक कटआऊट बसवला होता. इंजिनावर बॅटरी पुरेशी चार्ज झाली की तो चार्जिंग आपोआप थांबवायचा. दोन मोसम तो खाऱ्या वाऱ्यात बिनतक्रार चालला होता. बंदरातल्या बाकीच्यांनाही तसाच हवा होता. आम्ही सगळे खण उपसले, पण त्याची आकृती कुठेच सापडली नाही.

बाई म्हणाल्या, "मग जाऊन उघडून बघा." फोरमन आणि मी एस.टी. बदलत नाट्याला पोचलो. लाँच धक्क्याला होती. साहेबांनी कटआऊटचा डबा होड्यांच्या फटी भरायच्या राळेनेच बंद केला होता. राळ खरवडून आत पाहिलं, तर दोन रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारे स्विच, होते. एक कामाचा. दुसऱ्याला एकही तार जोडलेली नव्हती.

फोरमन तासभर त्याच्याकडे बघत राहिले. "सायबांनी उगाच ठेवलंन नसणार. काहीतरी कारण असेल."

मी घाबरत घाबरत म्हटलं, "काढून बघूया का?"

त्यांनी अडवलं नाही. मी रिले काढला. तांडेलांनी इंजिन सुरू केलं, आणि बॅटरी भरल्यावर कटआऊटने चार्जिंग बरोबर थांबवलं.

तांडेल म्हणाले, "तो सायबांनी पुढच्यासाठी ठेवलान होता. बॅटरी उतरली की घंटा वाजंल, म्हणाले. पुढल्या खेपेला जोडतो, म्हणाले."

फोरमननी रिले रुमालात बांधून खिशात ठेवला. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर. आधी जहाजावर, मग हिते. एकदाही विचारलं नाय, की हे कशाला."

दुसऱ्या दिवशी मी स्वच्छ आकृती काढून बाईंपुढे ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, "तू बनवणार असशील तर यात काय बदलशील?"

मला आठवतं, मी मागे वळून पाहिलं. वाटलं, फोरमनना विचारतायत. साहेबांनी आम्हाला खूप शिकवलं, चुकलो तरी कधी रागावले नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. त्यांच्याकडे उत्तर आधीच तयार असायचं. मी चाचरत दोन गोष्टी सांगितल्या. एक बाईंनी खोडली, एक ठेवली.

कटआऊट पुढे बंदराबंदरांत गेला. प्रत्येक नग तीन दिवस मिठाच्या पाण्याच्या वाफेवर ठेवल्याशिवाय बाई बाहेर जाऊ देत नसत. कारखाना वाढला, वेळेवर उघडू लागला, वेळेवर बंद होऊ लागला. खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणाही झाला. सकाळी स्कूटरचा आवाज आला की अजून माझी मान वर व्हायची, पण यायचा तो शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा कारकून.

फोरमननी वर्षभराने हातखंब्याला दुरुस्तीचं दुकान टाकलं. भांडण वगैरे काही नव्हतं. बाई उद्घाटनाला पेढे घेऊन गेल्या, आम्हीही गेलो. दुकानात ट्रकचे हॉर्न, रेडिओ, मिक्सर यांचा आधीच ढीग पडला होता. फोरमन मजेत होते. आम्ही बसलो असताना एक गिऱ्हाईक आलं. फोरमन त्याला म्हणाले, "ह्याचं काल ठरलं होतं ते राहू दे. मला आज एक नवीन सुचलंय."

बाईंनी तोंडावर पदर धरला. त्या हसतायत की रडतायत ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.