अकरा गावांची गोधडी नाशकाला नेली त्याची हकिगत

चांदवडहून निघाले तवा डोक्यावर बांगड्यांची पाटी व्हती. पाटीत बांगड्या फुटू नये म्हनून अर्धी शिवलेली गोधडी घडी करून घातली व्हती. आम्ही कासार. नवरा गेल्यापासून दर साली शिमग्याच्या आधी मी डोंगरात बांगड्या भरायला जायची. नाशकापर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून पेठच्या रस्त्यानं बैलगाडी गावली तर गाडी, नाय तर पाय. त्या साली गाडी गावली नाय. तीन दिस चालले. टाचेत काटा मोडला, तो दुसऱ्या दिशी काढला. पळस फुलला व्हता, सगळा डोंगर लाल दिसत व्हता.

त्या डोंगरात एका राजाचं संस्थान व्हतं. राजा काय लय मोठा नाय. चार टेकड्या आन अकरा गावं. पन वेठ (मजुरी न देता करून घेतलेलं सरकारी काम) मोठ्या राजासारखी.

पयल्यांदा मी शाळेच्या गुरुजींच्या घरी जायची. त्यांची बायको भागीरथी दारातच बसली व्हती. म्हनली, "कासारीण आजी, औंदा बांगड्या नको. गुरुजी पाच दिस झाले राजाच्या कोठडीत हायेत."

"काय केलं त्यांनी?"

"लोकांचे अंगठे घेतले कागदावर. येत्या रविवारी नाशकात गंगेवर (गोदावरीवर) सभा हाय, सगळ्या संस्थानांच्या रयतेची. राजांचं राज्य काढा, लोकांनी निवडलेले पंच बसवा, असं मागायचं हाय. कारभाऱ्यानं कागद चुलीत घातला. सभेवाले म्हनतात, तुमच्या रयतेला राजा हवा का नको ते तिनं सांगावं, तरच तुमचं गाऱ्हानं ठरावात घेऊ. आता अंगठा कोन देईल? बोटाला शाई दिसली की कोठडी."

मी पाटी उतरवली. भाकरी खाल्ली, नागलीची (नाचणीची), वर उडदाची आमटी. खाताना माझं ध्यान गोधडीवर गेलं. तिकडं रीत हाय, पयलटकरणीच्या बाळाच्या गोधडीला घरोघरच्या चिंध्या मागायच्या. त्यात कोनाला संशय येत नाय.

मी म्हनलं, "शाई नको. ज्या घराला राजा नको त्या घरानं आपल्या अंगावरच्या जुन्यातली एक चिंधी द्यावी. मी जोडते."

"आन बाळ कोनाचं म्हनून सांगू?"

"सांग, रयतेला दिवस गेलेत."

पाच दिसांनी ती बाई पयल्यांदा हसली असंल.

मंग आम्ही दोघी अकरा गावं फिरलो. मी बांगड्यांची पाटी घेऊन म्होरं, ती चिंध्या गोळा करत मागं. दुपारी झाडाखाली बसून मी टाके घालायची. सुईनं बोटं सोलली, त्यावर चुना लावला. धुरपदीनं लुगड्याचा काठ दिला, तिचा दीर वेठीत दगडाखाली गेला व्हता. एका म्हाताऱ्यानं वाद घातला.

"राजा नसंल तर दसऱ्याला पयला कोंबडा कोन कापील?"

"तू काप की. हात हायेत ना?"

"माझी सुरी बोथट हाय."

"राजाची तरी कुठं धारेची हाय? तुम्हीच घासून देता."

त्यानं लय विचार केला. मंग दोरीवरची लंगोटी काढून अर्धी फाडून दिली. "उरलेली अर्धी मला पुरंल," म्हनला.

एका घरी बाईनं दार अर्धंच उघडलं. लाल कापडाचा तुकडा माझ्या हातात कोंबला आन दार लावून घेतलं. तुकडा दिसायला झकास, म्हनून मी तो गोधडीच्या बरोब्बर मधी लावला. संस्थानात लाल फेटा कोन बांधतं, ते माझ्या डोस्क्यात आलंच नाय.

ते शुक्रवारी सकाळी नाक्यावर आलं. भागीरथी घरी राहिली, मी एकटी निघाले व्हते. नाक्यावर राजाचे दोन शिपाई, दोघांच्या डोक्याला लाल फेटे. एक झाडाखाली पडला व्हता. दुसऱ्यानं मला थांबवलं.

"पाटीत काय?"

"बांगड्या."

"गोधडी उलगड."

उलगडली. त्याची नजर मधल्या तुकड्यावर गेली आन तिथंच राहिली. त्यानं फेटा काढला, शेवटचा पदर बघितला. पदर फाटका व्हता.

"हा कुठला?" त्यानं हळू इचारलं.

"एका बाईनं दिला. नाव सांगनार नाय."

"कशाला मागितला?"

"बाळासाठी."

रयतेला दिवस गेलेत ही गावातली गोष्ट त्या शिपायाच्या बी कानावर आली असंल. "कवा व्हईल बाळ?"

"रविवारी. नाशकात."

त्यानं फाटका पदर आत खोचून फेटा बांधला, गोधडीची घडी घातली, पाटी माझ्या डोक्यावर चढवली. मंग झाडाखालच्याला ओरडून म्हनला, "बांगडीवाली हाय, सोडली." मला म्हनला, "नीट ने. भिजवू नको."

रविवारी दुपारी नाशकात पोचले. गंगेच्या वाळूत मांडव, त्यात मानसं मावत नव्हती. पलीकडं भटजींचे पिंड चालले व्हते, बाया धुनं आपटत व्हत्या. मी मांडवातून वाट काढत सभेचा ठराव लिवनाऱ्या वकिलापाशी गेले आन गोधडी पसरली.

"आजी, हे काय?"

"अकरा गावांची सही."

पुढून कोनी बोललं, "म्हातारी गोधडी वाळत घालायला आली." लोक हसले.

वकील म्हनले, "आजी, ठरावाला कागद लागतो. ह्या चिंध्यांना कोन मानील?"

"मला अक्षर येत नाय. ही गोधडी मला वाचता येती. लिवून घ्या."

मी वाळूत बसले आन कोपऱ्यापासून लागले. ही धुरपदी, हिचा दीर वेठीत मेला. ही लंगोटी बुधा म्हाताऱ्याची. हा हिरवा खण सोनीचा, बाळंतीण असून राजाच्या शेतावर नेली. चिंधी, घर, गाव. थोड्या टायमानं मांडवात कोनी हसत नव्हतं. वकिलांनी मधीच मागच्या एका चिंधीवर बोट ठेवून फिरून इचारलं. मी तेच घर सांगितलं. दुसरी इचारली, ती बी सांगितली. तवा ते कोट काढून माझ्याशेजारी वाळूत बसले आन लिवायला लागले.

"हा लाल कोनाचा?"

"त्या घराचं नाव सभेत सांगायचं नाय. पन त्याला बी राजा नको."

त्यांनी मान हलवली आन तसंच लिवलं. मंग ठराव वाचला, आमचं संस्थान नावानिशी. पटत असंल त्यानं हात वर करा म्हनले. वाळूभर हात वर झाले. माझा बी झाला. साठी उलटली माझी, पन राज्य कसं असावं हे मला कोनी पयल्यांदाच इचारत व्हतं.

ठराव पेपरात छापून आला आन आठ दिसांत गुरुजी सुटले. सभेत काय झालं ते सांगायला मी फिरून डोंगर चढले. म्होरल्या सकाळी दवंडीवाला आला. राजा शिकारीला निघालाय, घरटी एक मानूस ओझ्याला. त्यानं तीनदा ढोल वाजवला. कोनी उंबरा वलांडला नाय. बाया चुलीपाशी, बाप्ये ओसरीवर. शेवटी त्यानं ढोल खाली ठेवला आन भागीरथीला पानी मागितलं.

"राजाला काय सांगू?" पानी पिऊन म्हनला.

भागीरथी म्हनली, "सांग, मानसं घरीच हायेत. पयलं इचारावं, मंग बोलवावं."

चांदवडला आले तवा लेकानं इचारलं, "आई, औंदा किती विक्री झाली?" मी म्हनलं, निम्म्या बांगड्या परत आनल्यात. शेजारपाजारचे इचारत्यात, राजा गेला का? मी सांगते, अजून हाय. पन त्या साली शिकारीचं ओझं त्याच्याच घोड्यावर गेलं, आन राजा पायी चालला. अकरा गावांनी दारात उभं राहून बघितलं.