फोनवरचा धवला

पेणहून रोह्याला येणं म्हणजे काही दुबई गाठणं नव्हे. पण महिपती कंपनीत लागला, कॉलनीत फ्लॅट घेतला आणि असा काही बदलला, की खाडीकडचं गाव जन्मदाखल्यापुरतं उरलं. 'हाय'चं 'आहे' झालं, 'नाय'चं 'नाही'. सोसायटीच्या गणपतीत शास्त्रीय गायन असलं की पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचा. ती तालावर डोलतेय की झोपेनं, हे त्याच्या बायकोलाच, सरूलाच माहीत.

लेकीची, प्रतीक्षाची हळद ठरली तेव्हा त्याने डीजे सांगितला. त्याची गावाकडची आत्या काशीबाई धवलारीण. लग्नाचे धवले गाऊन विधी लावणारी. पण तिचा तो उंच, रडल्यासारखा सूर कॉलनीतल्या साहेबांनी ऐकला तर? त्याने तिला हळदीचं कळवलंच नाही. "लग्नाला आणू की गाडी करून," सरूला म्हणाला.

हळदीच्या दिवशी मुलाची मावशी चंद्रावती नागोठण्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आली. आल्या आल्या तिने डीजे बंद करायला लावला.

"धवलारीण कुठाय? धवल्याबिगर आमी हळद लावत नाय."

महिपती कॉलनीवाल्यांकडे बघून हसला. दुसरं कुणी हसलं नाही. सरूने फोन त्याच्या हातात कोंबला. "लावा आता आत्याला."

स्पीकरवर काशीबाई म्हणाली, "आज हाय व्हय हळद?" मग म्हणाली, "पोरीला पाटावर बसवली का? धर फोन तिच्याजवल."

आणि तिने धवला धरला. दुसऱ्या ओळीला चंद्रावतीने साथ दिली, तिसरीला सरूने. साहेबांची बायको खुर्ची सोडून पुढे चटईवर येऊन बसली. विसरलो, विसरलो म्हणून मिरवणाऱ्या महिपतीचेही ओठ हलत होते. एक शब्द चुकत नव्हता. त्याने तोंडावर रुमाल धरला.

हळद लागली. चंद्रावती म्हणाली, "असा गला घरात हाय, न् बाईला आणली नाय?"

"तिला चालवत नाही हो. गुडघे."

फोन चालूच होता.

"व्हय गो बाई," काशीबाईचा आवाज आला, "गुडघं धरल्यात माझं. तो ये म्हणूनच मागं लागलेला, मीच नाय आले."

सगळ्या जणी हळहळल्या. चंद्रावतीने महिपतीच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"भाचा गुणाचा हाय हो तुमचा," ती फोनकडे बघून म्हणाली.

महिपतीला मान वर करता येईना.