चार शर्ट आणि एक घोंगडी

चहा घ्या आधी, निवतोय. आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या, मधेच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. माझ्या मूर्खपणाचे किस्से तसे ढीगभर आहेत, पण इतका घाम मला दुसऱ्या कुठल्याच किश्शात फुटला नव्हता!

मी तेव्हा वालावलच्या शाळेत मास्तर. घरात आई आणि मी, दोनच माणसं. आणि माझी ट्रंक. ट्रंकेत सतरा शर्ट, अंगावर मात्र आलटूनपालटून तेच दोन विटके. बाकीचे कुठल्या मुहूर्तासाठी ठेवले होते? देव जाणे! नवा शर्ट दिसला की हात शिवशिवायचे, पाय आपसूक दुकानाकडे वळायचे. नाही घेतला तर घास गोड लागायचा नाही. आणि घेतला की? तासाभरात वाटायचं, छे, तो शेजारचा रेघांचा बरा होता!

शेवटी आई वैतागली. मला लक्ष्मीनारायणाच्या देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की वर्षभर एकही शर्ट घेणार नाही. वर दम दिला, "शपथ मोडलंस तर मी तुझ्या भैणीकडे जाऊन ऱ्हवतलंय. मगे ते शर्ट शिजवन घालतले तुका!"

आई बोलली की करणारी बाई. आणि मला साधी पेज करता येत नाही. तीन महिने शपथ पाळली हो, खरंच पाळली!

मग आला मे महिना. भाच्यासाठी लाकडी पांगुळगाडा आणायला आईने मला सावंतवाडीला पाठवलं. आता बघा, गोवा नुकताच मोकळा झालेला. तिकडून आलेले टेरिलिनचे तयार शर्ट बाजारात टांगलेले. काय ती चकाकी! इस्त्री नको, चुरगळणं नाही. मी दुकानावरून एकदा गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. चौथ्या फेरीला दुकानदारच म्हणाला, "मास्तरानू, भोवऱ्यासारखे फिरतास कित्याक? आत येवा."

आत गेलो. बाहेर आलो तेव्हा हातात चार शर्ट होते.

एस.टी.त बसलो आणि शपथ आठवली. घरात पाऊल टाकलं की आई आधी माझी पिशवी उलटी करायची. आता? कुडाळला गाडी बदलायची होती. तिथे एका काजूच्या झाडाआड गेलो आणि चारही शर्ट एकावर एक अंगात चढवले. सगळ्यांवर माझा जुना विटका सदरा. पिशवीत फक्त पांगुळगाडा. आहे की नाही डोकं?

डोकं होतं, पण मे महिनाही होता ना! टेरिलिनमधून वारा म्हणून जाईना. हात खाली येईनात, मान वळेना. वालावलला उतरलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

आई दारातच होती. मला बघून तिच्या हातातलं सूपच पडलं.

"अरे वसंता! काय झाला रे तुका? इतको सुजलंस कित्याक?"

इथे खरं बोललो असतो तर चार शिव्यांवर भागलं असतं. पण मी काय बोललो? "काय नाय गो आये, जरा ताप इलोहा."

झालं! आईने मला ओटीवरच आडवं केलं, अंगावर घोंगडी टाकली, वर गरम काढा पाजला आणि शेजारच्या महादूकाकांना हाक मारली. महादूकाका म्हणजे आमचे अर्धे वैद्य आणि देवाला गाऱ्हाणं घालणारे. त्यांनी माझं मनगट धरलं. पाच बाह्यांवरून नाडी लागते होय? त्यांचा चेहरा उतरला.

"वयनी, नाडी गावना नाय!"

आईने हंबरडा फोडला. अर्धी वाडी अंगणात जमली. मी घोंगडीखालून ओरडतोय, "बरो आसंय मी!" तर काका म्हणतात, "बडबडाक लागलो. दुसरी घोंगडी हाडा!"

मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा लक्ष्मीनारायणा म्हाराजा! ह्या लेकराक कोणाची दीठ लागली आसात, काय चूक झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी.

आणि आई हात जोडून रडत म्हणाली, "माझो झील बरो होवंदे. तेच्या आंगावरचो कपडो तुझ्या नावान वाटून टाकतंय!"

"होय म्हाराजा!"

तिचं ते रडणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्टांसाठी मी ह्या बाईला रडवलं! खरंच लाज वाटली. उठून बसलो आणि विटका सदरा उतरवला.

आतून पांढराशुभ्र टेरिलिन निघाला. अंगणातले सगळे पुढे सरकले. तो काढला. खाली आकाशी.

"होय म्हाराजा!" कोणीतरी सवयीने म्हणालं.

मग रेघांचा. "होय म्हाराजा!" मग चौकड्यांचा. "होय म्हाराजा!" आता वाडी पोट धरून हसत होती. एकटी आई हसत नव्हती.

"झालंस बरो?" तिने विचारलं.

"झालंय," मी म्हटलं.

बोललेला नवस फेडायलाच हवा. चारही शर्ट वाटले गेले, आकाशी महादूकाकांना मिळाला. आई लेकीकडे जायचं गाठोडं बांधत होती, तिचे पाय धरले तेव्हा कुठे राहिली.

पण आकाशी शर्ट घालून काका रोज माझ्या दारावरून जायचे हो! आठ दिवस मी कसाबसा काढला. नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि माझाच शर्ट त्यांच्याकडून विकत घेतला. घरी न्यायचा कसा? सदऱ्याखाली घातला आणि निघालो.

आई दारातच बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उठून आत गेली, आणि घोंगडी घेऊन आली.