पुंजाजींच्या थापा

उंद्रीच्या पुंजाजींनी आजवर किती सोयरिकी जुळवल्या, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मुलाचं कौतुक करताना त्यांचं एक वाक्य हुकमी होतं : "पोरगं असं लाडाचं, की घरात पाण्याचा गिलास हातानं घेत नाही!" हे ऐकलं की मुलीची आई विरघळायची.

यंदा मेहकरला मात्र घोटाळा झाला. नर्स असलेल्या अर्पितानं ते वाक्य ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "काऊन? हाताले काही झालं काय त्याच्या?"

बोलणी तिथंच मोडली. पण गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्याच मुलाला, शिवमला, घेऊन ते दुसरबीडला मुलगी बघायला गेले, तेव्हा त्यांनी माल तोच ठेवला, पाटी फिरवली.

"आमचा शिवम भाकरी थापते, धुणं धुते, झाडूनही काढते!"

शिवमला पोह्यांचा ठसका लागला.

समोर बसलेल्या मुलीनं, सुचितानं, त्यालाच विचारलं, "खरं काय?"

"नाही जी," शिवम कानापर्यंत लाल झाला. "चहा येते. बाकीचं शिकीन."

आता आली का पंचाईत! प्रकरण सावरायला पुंजाजी घाईनं म्हणाले, "अवं, त्यात काय! मीबी घरी रोज थापतो."

"मंग काकूले विचारू," म्हणत सुचितानं त्यांच्याच मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "काकू, मी दुसरबीडहून सुचिता. काका घरी भाकरी थापतात काय वं?"

पलीकडे पुंजाजींच्या पत्नी शालूबाई आधी पोटभर हसल्या. "माय वं! थापा रोज मारतात ते. भाकरी मलेच थापा लागतात!"

बैठकीत हशा उसळला. सुचिताचे वडील तर लोडावरून घसरले. पुंजाजींनी टोपी काढून उगीचच झटकली. हसता हसता सुचितानं शिवमकडे पाहिलं. हा पोरगा निदान खोटं बोलत नाही, एवढं तिला पुरलं. सोयरीक जमली.

संध्याकाळी पुंजाजी चोरपावलांनी घरात शिरले. शालूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पिठाची परात पुढं सरकवली.

पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी कशीबशी भाजली गेली. तिचा आकार कुठल्याच भूमितीत बसत नव्हता. शालूबाईंनी ती ठेच्याशी अख्खी खाल्ली, भिंतीकडे तोंड करून. त्यांचे खांदे मात्र हसण्यानं गदगदा हलत होते.