बांध साफ केला तेव्हा

आम्ही काळेवाडीत राहतो आणि मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शेत चाकणच्या पुढे, सासरच्या गावात. ते कसतात मोठ्या जाऊबाई. फवारणी नाही, पोत्यातलं खत नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि शेतावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सेंद्रिय गटातले शेतकरी त्याच आठवड्यात शेत बघायला येणार होते. बांधावर तेरडा, कुर्डू, केना, रानतीळ नुसते माजलेले. मला लाज वाटली. दोन मजूर लावून मी सगळा बांध खरवडून घेतला.

जाऊबाई परतल्या त्या थेट बांधाशी गेल्या. उकिडव्या बसून मातीवरून हात फिरवला.

"हितं माशा राहायच्या गं. पोळ्याच्या न्हाईत, एकेकट्या, मातीत भोकं करून. भोपळ्याचं समदं काम त्याच करायच्या."

"मला माहीत नव्हतं, ताई."

"व्हय, मीच सांगाया पायजे व्हतं."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भोपळ्याला फुलं आली, फुलांखाली सुपारीएवढी फळं दिसली, आणि पिवळी पडून गळू लागली. मग माशांचं काम हातानं करायला, सेकंड शिफ्ट असली की मी पहाटेच गाव गाठायचे. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलात हलकेच फिरवायचं. ऊन चढलं की फुलं मिटायची. आम्ही दोघी मिळून अर्ध्या वेलांनाही पुरत नव्हतो.

विहिरीमागच्या दगडांपाशी मजुरांचं खुरपं पोचलं नव्हतं. तिथली रानफुलं वाळल्यावर त्यांचं बी आम्ही ओंजळीनं बांधभर टाकलं. पुढच्या पावसाळ्यात तेरडा उगवला, कुर्डूही आला. माशा मात्र अगदीच तुरळक. त्या कायमच्या गेल्या, असा मी धसकाच घेतला.

यंदा भोपळा फुलल्यावर सकाळीच जाऊबाईंचा फोन. "सुट्टी हाय ना आज? ये."

गेले. त्यांनी एका फुलाकडे बोट दाखवलं. आत एक बारीक माशी परागांनी पिवळीधमक होऊन लोळत होती. शेजारच्या फुलात आणखी दोन. मग त्या मला बांधावर घेऊन गेल्या. कुर्डूच्या बुडाशी मातीचं इवलंसं कडं, मधोमध भोक. बघता बघता एक माशी आत शिरली.

दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं आणि डोळे भरून आले.

"आता रडतीस व्हय?" त्या हसल्या. "खाली बघ की." पानांआड भोपळे धरले होते, चांगले नारळाएवढे, देठाला घट्ट. त्यांतल्या एकालाही आमचा हात लागलेला नव्हता.

चहा प्यायला मी बांधावरच टेकणार होते. आधी विचारलं, "ताई, कुठं बसू?"