फारसं जड गेलं नाही

माझा प्रबंध फ्रान्समधल्या नाटकांवर आहे असं सांगितलं, की अकोल्यात माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, तुम्ही तिकडे जाऊन आला का. मी नागपूरच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. पासपोर्ट नाही. फ्रेंच येतं तेवढं शब्दकोश मांडीवर घेऊन. राज्यक्रांतीच्या आणि तिच्यामागून आलेल्या सम्राटाच्या काळात सरकारनं रंगभूमीचं काय केलं, हा विषय मी पस्तिशीत घेतला तेव्हा मोठा ऐटीचा वाटला होता. आता पन्नाशी आली. विषयाचं ओझं माझ्याहून मोठं झालं, आणि मुदतवाढ मागायची सोय संपली.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि अकोल्यात वडिलांजवळ राहते. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो, चार तास बडबड, आणि तेच सगळं उलट. घरी आल्यावर चपला काढायचाही कंटाळा येतो. वडील पंच्याऐंशीचे आहेत. प्राथमिक शाळेत मास्तर होते. मोतीबिंदू काढला तरी बारीक अक्षर लागत नाही, म्हणून प्रबंधाची पानं मी त्यांना वाचून दाखवते. मार्गदर्शक सर सोडले तर तो प्रबंध पूर्ण ऐकलेला माणूस जगात हाच एक.

त्यांना ते आवडायचंही. क्रांती झाली तेव्हा सरकारनं पहिल्यांदा सगळं मोकळं केलं, कोणाही नागरिकाला नाटकगृह काढता येईल असा कायदा झाला, आणि पॅरिसमध्ये नाटकगृहांचं पीक आलं, हे ऐकून ते मान डोलवत. मग दोन-तीन वर्षांत सूर बदलला. आठवड्यातून इतक्यांदा देशभक्तीची नाटकं करा, लोकांना ती फुकट दाखवा, नाहीतर दारं बंद. जुन्या नाटकांत राजे, सरदार, ‘महाशय’ यायचे. ते खोडून तिथे ‘नागरिक’ म्हणायचा दंडक आला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्यात असा शब्द कोंबला की ओळ लंगडायची, यमक तुटायचं, आणि प्राचीन काळातला सेनापती दुसऱ्याला ‘नागरिका’ अशी हाक मारायचा. हे प्रकार हास्यास्पद होते, असं मी लिहिलं होतं.

हे वाचलं तेव्हा वडील ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी आणून दिलं.

“आमीबी तेच केलं ना, बाई,” ते म्हणाले.

ही गोष्ट मी तोवर कधी ऐकली नव्हती. मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं खेडं. तिथे आमच्या वस्तीची एक नाटकमंडळी होती, खडी गंमत, म्हणजे वऱ्हाडातला तमाशा, करायची. ढोलकी, टाळ, गण, मग वग. त्यात एक वग राजाच्या दरबाराचा. वेशीची राखण करणारा येसकर काही बातमी घेऊन दरबारात येतो, कमरेत वाकून जमिनीला हात लावतो आणि म्हणतो, ‘जोहार, महाराज.’ त्यावर राजा म्हणतो, ‘ऊठ बा, ऊठ.’ जोहार हा काही नाटकापुरता शब्द नव्हता. गावानं आमच्या लोकांच्या तोंडी घातलेला तो नमस्कार. रस्त्यात, शेतात, पाटलाच्या दारात तोच घालायचा आणि तसंच वाकायचं.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला. देव्हारे गेले, जोहार गेला. पण वग तर राहिला होता, आणि पोटापेक्षा जास्त हौसेनं लोक तो करत होते. मंडळीचे पुढारी माझ्या वडिलांचे चुलते, राजाचं कामही तेच करायचे. निंबाखाली बैठक बसली. गण बदलायचं सोपं होतं, बुद्धाचा नवा रचला. येसकराचं काय करायचं यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी चुलते म्हणाले, “जोहार आपल्या तोंडात पुना येणार नाई. नाटकातबी नाई.”

येसकर होते माझे वडील, वय सतरा-अठरा. पहिल्या प्रयोगाला ते काठी घेऊन ताठ चालत दरबारात आले आणि म्हणाले, “जय भीम, महाराज.” कोणत्या काळातला तो राजा, आणि त्याला जय भीम. एवढं ठीक होतं. पण चुलत्यांच्या तोंडात पुढचं वाक्य वीस वर्षं बसलेलं. ते आपसूक म्हणाले, “ऊठ बा, ऊठ.” समोरचा येसकर तर उभाच. सगळे बघणारे हसायला लागले, गावातले पुढे बसलेले तर जास्तच. वडील सांगत होते, कानशिलं तापली, पळून जावंसं वाटलं. तेव्हा चुलते सिंहासनावरून, म्हणजे गव्हाच्या पोत्यांवरून, स्वतःच उठले आणि उभ्यानं म्हणाले, “जय भीम.”

“मंग कोणी हासलं नाई,” वडील म्हणाले. “पुढं दर खेपेले राजा तसाच उठे. गावानं त्या सालापासून आमाले बलावनं सोडलं. आमी दुसऱ्या गावाले गेलो.”

मी ‘हास्यास्पद’ हा शब्द खोडला, पण आळसानं. त्याच्या जागी ‘विसंगत’ लिहिलं आणि पुढे गेले. दमलेल्या माणसाला कुठेतरी पोचायची घाई असते. मला संपवायचं होतं.

त्याच महिन्यात सरांनी चौथं प्रकरण परत दिलं. त्यात सम्राटाचा काळ होता. त्यानं पॅरिसमधली नाटकगृहं आठावर आणली, बाकीच्यांना कुलपं ठोकली. बाहेरच्या शहरांना मंडळ्या वाटून दिल्या, मोठ्या शहराला दोन, मधल्याला एक, काहींच्या नशिबी नुसती फिरती. प्रत्येक नाटक आधी पोलीसखात्याच्या टेबलावरून जायचं. आणि पदव्या परत आल्या, दरबार परत आला, रंगमंचावर ‘महाशय’ परत आला. त्याखाली माझं वाक्य होतं: ‘जुने शब्द पुन्हा उच्चारणं नटांना फारसं जड गेलं नाही.’ समासात सरांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता. आधार?

आधार कुठून आणू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी म्हटलं, बघते.

सर चांगले आहेत, हे मला सांगितलं पाहिजे. माझ्यासाठी त्यांनी दोनदा भांडून मुदत वाढवून घेतली. लोककलांच्या चित्रीकरणाच्या एका सरकारी प्रकल्पाच्या समितीवर ते होते, आणि वऱ्हाडातल्या जुन्या गंमतीचा कोणी जिवंत नट त्यांना सापडत नव्हता. त्यांच्या खोलीत चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलं, माझे वडील करायचे. कोणी विचारलं नव्हतं. मला त्यांच्या उपयोगी पडायचं होतं, हे खरं कारण. त्यांचा चेहरा उजळला. मग मी जय भीमचा किस्सा सांगितला, तेव्हा ते थोडे अडखळले.

“मॅडम, किस्सा फारच छान आहे. पण आम्हाला मूळ संहिता लागते. बदलाच्या आधीची. नाहीतर वरचे लोक घेणार नाहीत.”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

घरी येऊन वडिलांना विचारलं. आधी चित्रीकरणाचं सांगितलं, ते खूश झाले, दाढी कोणाकडून करायची ते बोलू लागले. मग मूळचं सांगितलं. ते पंख्याकडे बघत बसले.

“जोहार म्हनाचं?”

“नाटकातलंच आहे ना, बाबा. एकदा. जुनं कसं होतं ते लोकाईले समजलं पाहिजे.”

“तुये सर म्हनले?”

“हो. मले त्याईचं काम पडते, बाबा. मी दमली आता.”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बापाला जे नाकारता येत नाही ते मी पुढे केलं. ते म्हणाले, “बरं, चाल मंग.”

अमरावतीला एका वर्गखोलीत बाकं सरकवून मागे पांढरं कापड लावलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. चित्रीकरण करणारा माणूस सभ्य होता, वडिलांना ‘बाबा, बसा, चहा घ्या’ म्हणत होता. डोक्याला पागोटं बांधलं, खांद्यावर घोंगडी दिली, हातात काठी. राजाची वाक्यं तोच कागदावरून वाचणार होता. मी खिडकीजवळ उभी राहिले. मला वाटत होतं, ऐन वेळी ते ताठ उभे राहतील आणि जय भीम म्हणतील, आणि मग मी सरांना म्हणेन की काय करू, म्हातारा माणूस आहे. माझं काम त्यांनी करावं, अशी माझी खुशाल अपेक्षा होती.

ते कापडापुढे आले. पाच-सहा पावलं चालताना त्यांची चाल बदलली, मान खाली गेली, काठी बगलेत गेली. पासष्ट-सत्तर वर्षांत केलेलं नव्हतं, तरी एक हालचाल चुकली नाही. ते कमरेत वाकले, हात जमिनीला लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “जोहार, महाराज.”

“ऊठ बा, ऊठ,” माणसानं कागदावरून वाचलं.

त्यांना उठता येईना. गुडघ्यांनी दगा दिला. हात जमिनीलाच, मान खाली, आणि पागोट्याचं टोक लोंबतंय. दोन-तीन क्षण कोणीच हललं नाही, बहुतेक त्या माणसाला तो अभिनयच वाटला. मग मी धावत गेले, काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.

“वा, बाबा. एकदम अस्सल,” तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, “ताई, तुमचा हात आलाय. तेवढा कापून टाकू.”

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी विचारलं, गुडघा दुखतो का. ते म्हणाले, “कंबर काई इसरली नाई, पाह्य.” आमच्या घरी फोन उचलला की पहिला शब्द जय भीम. पुढचे तीन-चार दिवस ते फोनवर नुसतं “हां, बोला” म्हणत होते. पोळ्या लाटताना ते माझ्या कानावर पडत होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

सरांनी माझं काम मार्गी लावलं. बाकीच्या दुरुस्त्या मान्य झाल्या. राहिला होता तो एक आधार, आणि त्यासाठीही ते म्हणाले, “एखादा संदर्भ टाका, फार ताणू नका.” मी संध्याकाळी सगळं प्रकरण शेवटचं म्हणून वडिलांना वाचून दाखवायला घेतलं. आठ नाटकगृहं, वाटून दिलेल्या मंडळ्या, पोलीसखातं. ते डोळे मिटून ऐकत होते. सवयीनं मी पुढचंही वाचून गेले, ‘जुने शब्द पुन्हा उच्चारणं नटांना फारसं जड गेलं नाही.’

त्यांनी डोळे उघडले.

“त्याईले इचारलं होतं काय कोनं?”

“नाई, बाबा. तशी नोंद सापडत नाई.”

“मंग तुले कसं मालूम?”

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात गुडघ्यावर फिरवत होते.

“मले इचार,” ते म्हणाले.

बाहेर भाजीवाला ओरडत पुढे निघून गेला, तेव्हा मी म्हटलं, “जड गेलं का, बाबा?”

“लय,” ते म्हणाले. “पन तूनं म्हटलं होतं ना.”